प्रसूतीच्या वेळचा छेद आणि टाक्यांची जखम

रुग्णालयात प्रसूत झालेल्या स्त्रीला घरी पाठविताना तिच्या कागदावर पुष्कळदा एक लहानशी नोंद असते : छेद दिला, टाके घातले. घरच्या मंडळींचे लक्ष स्वाभाविकपणे बाळाच्या वजनाकडे व पुढील लसीच्या तारखेकडे असते आणि ही नोंद बहुधा वाचली जात नाही. ही जखम शरीराच्या अशा भागी असते की, ती स्वतः बाळंतिणीला दिसत नाही. घरात दुसरे कोणी ती पाहत नाही. आणि तिच्याविषयी बोलणे तर दूरच राहिले. हाताला एवढी जखम झाली असती तर घरातील चार माणसांनी ती दिवसातून दोनदा पाहिली असती. येथे मात्र जखम चिघळली तरी ते कळावयास आठवडा लागतो. हे टाळता येण्यासारखे आहे. त्याकरिता ही जखम कशी होते, कशी भरते आणि केव्हा भरत नाही, याची माहिती बाळंतिणीला व तिच्या घरच्यांना असली पाहिजे.

योनिमुख व गुदद्वार यांच्यामध्ये जो मांसल भाग असतो, तो बाळाचे डोके बाहेर येताना अतिशय ताणला जातो. पहिल्या खेपेस तो थोडाफार फाटणे ही सर्वसाधारण गोष्ट होय. कधी केवळ वरची त्वचा फाटते, कधी खालचे स्नायू फाटतात आणि क्वचित प्रसंगी गुदद्वार आवळून धरणारा स्नायू किंवा त्याच्याही आतील अस्तर फाटते. फाटण्याच्या या चार पायऱ्या मानल्या जातात. तिसऱ्या व चौथ्या पायरीची इजा गंभीर समजली जाते, कारण ती नीट शिवली गेली नाही तर पुढे वायू व शौच यांवरील ताबा जाण्याचा संभव असतो. डॉक्टर अथवा परिचारिका जेव्हा कात्रीने हा भाग मुद्दाम कापून वाट मोठी करतात, तेव्हा त्या छेदाला एपिझिओटॉमी असे म्हणतात. बोलण्यात सर्वत्र 'खालचे टाके' एवढेच म्हटले जाते.

छेदाची प्रथा कशी रूढ झाली

डब्लिन येथील प्रसूतिवैद्य फील्डिंग ओल्ड यांनी १७४२ साली आपल्या ग्रंथात या छेदाचे वर्णन केले. त्यांनी तो अडलेल्या बाळंतपणापुरताच सांगितला होता. पुढे दीडशेहून अधिक वर्षे तो अपवादानेच वापरला जाई. १९२० मध्ये शिकागोचे डॉक्टर जोसेफ डीली यांनी मात्र असा विचार मांडला की, फाटण्याची वाट न पाहता आधीच छेद द्यावा आणि चिमटा लावून बाळ बाहेर काढावे. सरळ छेद वेड्यावाकड्या फाटण्यापेक्षा शिवावयास सोपा व भरून येण्यास चांगला, हे त्यामागचे तर्कशास्त्र होते. ते ऐकावयास पटण्याजोगे असल्यामुळे पुढील काही दशकांत, विशेषतः पहिलटकरणीस, छेद देणे हा रुग्णालयांचा परिपाठच होऊन बसला.

हा तर्क प्रत्यक्ष तपासून पाहण्याचे काम फार उशिरा झाले. अर्जेंटिनातील आठ प्रसूतिगृहांत २,६०६ स्त्रियांचे दोन गट करून केलेली पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. एका गटात नेहमीप्रमाणे सरसकट, तर दुसऱ्या गटात खरोखर गरज असेल तेव्हाच छेद द्यावयाचा, असे ठरले होते. पहिल्या गटात ८३ टक्के, तर दुसऱ्यात ३० टक्के स्त्रियांना छेद द्यावा लागला. गंभीर इजेचे प्रमाण पहिल्या गटात दीड टक्का व दुसऱ्यात १.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. सरसकट छेदामुळे गंभीर इजा टळते, ही समजूत येथे टिकली नाही. उलट टाके घालावे लागणे, दुखणे, जखम न भरणे व टाके उसवणे हे सर्व प्रकार दुसऱ्या गटात कमी होते. पुढील बाजूस होणाऱ्या किरकोळ इजा तेवढ्या अधिक होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, नैसर्गिक रीतीने होणाऱ्या प्रसूतीत सरसकट छेद देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

याचा अर्थ छेद सर्वथा वाईट, असा कोणी घेऊ नये. बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले असतील, चिमटा लावण्याची पाळी आली असेल, किंवा खांदे अडकल्यामुळे हात घालावयास जागा हवी असेल, तर वेळीच दिलेला छेद बाळाचे प्राण वाचवितो. अशा वेळी तो जागा बधिर करून आणि बाईला सांगून दिला गेला पाहिजे. 'सांगून' या शब्दावर भर देणे अवश्य आहे. आपल्याला छेद दिला होता, हे कित्येक स्त्रियांना टाके टोचू लागल्यावरच कळते.

छेदाच्या दिशेलाही महत्त्व आहे. कापडाच्या दुकानात ठाणातून तुकडा काढताना दुकानदार काठाला कात्रीने थोडा छेद देतो आणि मग कापड दोन्ही हातांनी सरसर फाडतो. छेद नसता तर ते इतक्या सहज फाटले नसते. सरळ खाली गुदद्वाराच्या दिशेने दिलेला छेदही असाच पुढे फाटत जाऊन स्नायूपर्यंत पोहोचण्याची भीती असते. यास्तव तो एका बाजूस तिरकस, मध्यरेषेपासून सुमारे साठ अंशांच्या कोनात द्यावा, असे आता शिकविले जाते. हा भाग ताणलेला असताना छेद दिला जात असल्यामुळे, ताण उतरल्यावर तो कोन आपोआप लहान होतो. म्हणून सुरुवातीस तो मोठा घ्यावयाचा असतो.

जुन्या काळी गोमंतकात वैजीण आणि देशावर सुईण बाळंतपण करीत असे. तिच्या हाती छेदाची कात्री नसे, आणि हे काही स्त्रियांच्या पथ्यावरच पडत असे. परंतु फाटलेला भागही तसाच राही, आणि त्याचे परिणाम ती स्त्री जन्मभर मुकाट्याने सोशी. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. देशात रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. टाके घेऊन घरी परतणाऱ्या बाळंतिणींची संख्या त्याबरोबर वाढली. त्या टाक्यांची काळजी कशी घ्यावी, हे ज्ञान मात्र घरोघरी त्या वेगाने पोहोचलेले नाही.

जखम भरण्याचा क्रम

शिवलेल्या जागेस पहिले दोन दिवस सूज व ठणका असतो. या काळात स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-वीस मिनिटे धरल्यास आराम पडतो; जोडीला डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉलची गोळी पुरेशी होते. तिसऱ्या दिवसापासून दुखणे उतरणीस लागते. आठ-दहा दिवसांत बसणे-उठणे बरेच सोपे होते. हल्ली वापरला जाणारा धागा आपोआप विरघळतो आणि त्याचे बारीक तुकडे कापडावर पडलेले दिसतात. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. दोन ते तीन आठवड्यांत त्वचा जुळून येते. आतील स्नायूंना पूर्ववत बळकटी यावयास याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

शिवण्याच्या पद्धतीचा दुखण्याशी निकटचा संबंध आहे. पूर्वी जनावरांच्या आतड्यापासून केलेला कॅटगट हा धागा सर्रास वापरीत. त्याने मांसाचा दाह अधिक होई. टाके सुटे सुटे घालण्याऐवजी एकाच धाग्याने सलग व सैलसर शिवल्यास वेदना कमी होतात, असे इंग्लंडमध्ये १,५४२ स्त्रियांच्या पाहणीत दिसून आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दहाव्या दिवशी दुखत असल्याचे सुट्या टाक्यांच्या गटात ४४ टक्के, तर सलग शिवलेल्या गटात २६.५ टक्के स्त्रियांनी सांगितले. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. दहाव्या दिवशी थोडे दुखणे असामान्य नाही. दुखणे कोणत्या दिशेने चालले आहे, हे पाहावयाचे असते.

म्हणूनच तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, तर ती जखम पिकू लागल्याची पहिली सूचना समजावी. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात प्रकट होतो. जागा लाल व गरम होते, सूज पुन्हा चढते, टाके मांसात रुतल्यासारखे वाटतात, पू येतो अथवा स्रावास दुर्गंधी येते. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक चढला, थंडी वाजून आली, किंवा ओटीपोटात दुखू लागले, तर विष जखमेपुरते न राहता आत पसरत असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. प्रसूतिज्वर म्हणून ज्या रोगाने एके काळी रुग्णालयांतील बाळंतिणी दगावत, तो याच जातीचा रोग होय. डॉक्टरांनी केवळ हात निर्जंतुक केले तरी तो आटोक्यात येतो, हे सेमेल्वाइस यांनी व्हिएन्ना येथे १८४७ मध्ये दाखवून दिले होते.

आणखी एक उपद्रव याहून लवकर, प्रसूतीनंतर काही तासांतच उद्भवतो. टाक्यांच्या आड एखादी रक्तवाहिनी वाहत राहिली तर रक्त आतल्या आत साकळते. बाहेर रक्तस्राव फारसा दिसत नाही. परंतु बाईला असह्य ठणका लागतो, शौचाची भावना होत राहते, लघवी अडते, एका बाजूस काळीनिळी सूज येते आणि तिचा चेहरा पांढरा पडू लागतो. 'टाके आहेत, दुखणारच' असे म्हणून हिची समजूत घालणे धोक्याचे आहे. प्रसूतीनंतर निदान पहिले चोवीस तास, आणि शक्यतो ४८ तास, रुग्णालयात राहण्याचा आग्रह धरला जातो, त्याचे हे एक कारण होय.

जखम का चिघळते

कळा फार लांबणे, वारंवार आतून तपासणी होणे, चिमटा अथवा व्हॅक्यूम लावावा लागणे, ही प्रसूतीच्या वेळची कारणे झाली. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावलेल्या स्त्रीला प्रतिजैविकाची एक मात्रा लगेच दिल्यास संसर्गाचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांपर्यंत उतरते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पाहणीत दिसले. साध्या छेदाकरिता मात्र सर्वांना सरसकट प्रतिजैविके देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करीत नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणून घेणे तर सर्वथा अयोग्य होय.

बाकीची कारणे घरातील आहेत. पहिले रक्तक्षय. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. ज्या शरीरात रक्तच कमी, त्याने जखम भरावी कशाने? लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यावयाच्या असतात, आणि नेमके बाळंतपण झाल्यावर त्या बंद केल्या जातात. मधुमेहाचेही असेच आहे. मशेरीचा उल्लेखही येथे केलाच पाहिजे. तंबाखूमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व जखमेपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही. दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून तीनचार वेळा मशेरी लावणाऱ्या बाळंतिणीची जखम रेंगाळली तर त्यात नवल नाही.

दुसरे कारण कापडाचे. बाळंतिणीची कापडे धुऊन ती दुसऱ्या लुगड्याखाली, कोपऱ्यात, कोणाच्या नजरेस पडणार नाहीत अशी वाळत घालण्याची रीत आहे. अशा कापडाला ऊन कधी लागत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत, ते पुरते वाळतही नाही. ओलसर कापड जखमेवर बारा-बारा तास राहिले तर काय होईल, हे सांगावयास नको. कापड वापरावयाचे असेल तर ते साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळवावे. ते किंवा पॅड दर चार-सहा तासांनी बदलावे. प्रत्येक वेळी लघवी-शौचानंतर स्वच्छ पाण्याने पुढून मागे धुवावे आणि जागा टिपून कोरडी करावी. मागून पुढे धुतल्यास शौचातील जंतू थेट टाक्यांवर येतात. धुण्यापूर्वी व धुतल्यानंतर हात साबणाने धुणे हे ओघाने आलेच.

टाक्यांवर हळद, राख, खोबरेल, तूप किंवा कोणतीही पूड लावू नये. ओवा, शेपा, लसणाच्या साली यांची धुरी आणि बाजेखालचा निखाऱ्यांचा शेक ही घराघरांतील जुनी चाल आहे. तिच्यामागची माया खरी. परंतु ताज्या टाक्यांना निखाऱ्यांची धग मानवत नाही. बधिर वा सुजलेल्या जागी भाजल्याचे लवकर कळत नाही, आणि बंद खोलीतील धूर बाळाच्या छातीला अपायकारक असतो. पाठीला व कमरेला सोसेल असे शेकणे वेगळे. टाक्यांना शेक हवाच असेल तर पहिले दोन दिवस उलटल्यावर स्वच्छ टबात किंवा पसरट भांड्यात कोमट पाणी घेऊन त्यात दहा मिनिटे बसावे.

बाळंतिणीला पाणी कमी द्यावयाचे, या समजुतीने टाक्यांचे जेवढे नुकसान होते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. पाणी कमी, भाजी-फळे वर्ज्य, त्यावर डिंकाचे लाडू. परिणामी मलावरोध होतो. टाके उसवतील या भीतीने ती शौचास जाणे टाळते, मल अधिक कठीण होतो आणि मग कुंथताना खरोखरच टाक्यांवर ताण पडतो. बाळंतिणीला तहान लागेल तेव्हा पाणी, शिवाय पातळ भाजी, वरण, ताक, फळे द्यावीत. लाडू व हाळिवाची खीर त्याबरोबर खुशाल द्यावी. शौचाच्या वेळी स्वच्छ पॅड टाक्यांवर हाताने दाबून धरल्यास आधार मिळतो व भीती कमी होते. इतके करूनही मल कठीण राहिला तर डॉक्टरांकडून सौम्य रेचक घ्यावे.

टाके उसवले तर

संसर्ग झालेल्या जखमेचे टाके कधी कधी सुटतात व जखम उघडी पडते. हे पाहून बाई आणि तिची सासू दोघीही हादरतात. परंतु यावर उपाय आहे. पू असताना डॉक्टर बहुधा लगेच पुन्हा शिवीत नाहीत. जखम रोज स्वच्छ केली जाते, प्रतिजैविके दिली जातात, आणि ती तळापासून वर भरत येते. यास काही आठवडे लागतात. जखम मोठी असेल तर ती निर्मळ झाल्यावर पुन्हा शिवता येते. या काळात बाळाला अंगावर पाजणे थांबवू नये. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे उपलब्ध आहेत. औषध घेताना आपण बाळाला पाजतो, एवढे डॉक्टरांना सांगावे.

काही तक्रारी उशिरा कळतात. व्रणाच्या जागी तांबडे, सहज रक्त येणारे मांसांकुर वाढतात. बाह्यरुग्ण विभागात औषध लावून ते जाळता येतात. व्रण ताठ राहून पती-पत्नीच्या संबंधाच्या वेळी वेदना होतात. ही तक्रार सर्वांत अधिक लपविली जाते, आणि तिच्यापायी संसारात निष्कारण कटुता येते. सहा आठवड्यांच्या तपासणीत तिचा उच्चार झाला पाहिजे. स्त्रीने संकोच केला तर परिचारिकेने स्वतः विचारावे. वायू वा मल आवरत नसेल, अथवा मल योनिमार्गातून येत असेल, तर गुदद्वाराच्या स्नायूची इजा ध्यानात आली नसावी किंवा आत छिद्र पडले असावे. अशी स्त्री वर्षानुवर्षे चारचौघांत बसणे टाळते. तज्ज्ञ शल्यचिकित्सकाकडून यावर उपचार होऊ शकतात. टाके घालण्यापूर्वी व घातल्यानंतर गुदद्वारातून बोट घालून तपासणी करण्याचा जो नियम आहे, तो याचसाठी होय. कामाच्या गर्दीत तो टाळला जाऊ नये.

रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जावे, अशी योजना आहे. या भेटींत बाळाचे वजन व ताप पाहिला जातो. तिसऱ्या व सातव्या दिवसाची भेट टाक्यांच्या दृष्टीनेही मोक्याची आहे. 'बरी आहेस ना?' या प्रश्नाला सासरच्या माजघरात 'हो' याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. कार्यकर्तीने बाकीच्यांना क्षणभर बाहेर बसावयास सांगून, कालच्यापेक्षा आज दुखणे कमी आहे की अधिक, वास येतो का, लघवी-शौच कसे होते, असे नेमके विचारावे आणि शंका आल्यास परिचारिकेकडून जखम तपासवून घ्यावी. जखम तपासावयाची झाल्यास जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात त्यासाठी पैसे पडत नाहीत. २०११ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात २०१४ पासून प्रसूतीनंतरच्या उपद्रवांवरील उपचारांचाही समावेश करण्यात आला आहे. खर्चाच्या भीतीने घरी थांबण्याचे कारण उरत नाही.

एकदा छेद दिला म्हणजे पुढच्या खेपेसही तो द्यावाच लागतो, असे नाही. बाळाचे डोके येण्याच्या वेळी कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ कापड त्या भागावर धरल्यास गंभीर फाटणे कमी होते, आणि नवव्या महिन्यात त्या भागाला बोटांनी हलके तेल लावून मालिश केल्याने पहिलटकरणीला टाक्यांची गरज काहीशी कमी पडते. पूर्वी गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत इजा झालेली असेल तर पुढील प्रसूती कशी करावी, हे तज्ज्ञांनी ठरवावे लागते. त्याकरिता रुग्णालयाने कागदावर 'टाके घातले' एवढेच न लिहिता छेद होता की फाटणे, ते किती खोल होते आणि पुढे काही उपद्रव झाला का, हे लिहून द्यावे. तो कागद माता-बाल संरक्षण कार्डाबरोबर जपून ठेवावा आणि पुढच्या गरोदरपणी पहिल्याच तपासणीस परिचारिकेला दाखवावा.